उंबऱ्याबाहेरच्या वहाणा



एलूल महिना लागला. पहाटेच्या सेलिहोथसाठी उठायचे म्हणजे पहिले काम ठरलेले. दिवा लावण्याआधी पलंगाखाली पाय चाचपायचे आणि सपाता शोधायच्या. एक सापडते, दुसरी कुठे तरी आत गेलेली असते. परवा अशीच झोंबाझोंबी करून आम्ही प्रार्थनालयात पोहोचलो आणि सेलिहोथ संपल्यावर एका वृद्ध भगिनीने आम्हांस बाजूला बोलावून एक प्रश्न विचारला. त्या म्हणाल्या, "दारफाळणीला घालायला म्हणून नातवाने प्लास्टिकचे जोडे आणून दिले आहेत. भोकाभोकांचे, हिरवे. त्यात पाय सुखात राहतात. पण उपासाच्या दिवशी पायांना असे सुख दिलेले चालते काय? आमच्या आईच्या पायांत तर त्या दिवशी आम्ही कधी काही पाहिले नाही."

आम्ही लगेच उत्तर दिले नाही. घरी येऊन पुस्तके काढली. विषय साध्या चपलेचा, पण दोर ओढत गेलो तसतशी विहीर खोल लागली. म्हणून या अंकात त्याविषयीच लिहितो.

आधी शब्दच पाहू. पवित्र भाषेत जोड्याला 'नआल' म्हणतात. नून, आयिन, लामेद ही तीन अक्षरे. ह्याच तीन अक्षरांपासून दुसरा अर्थ निघतो तो कुलूप लावण्याचा, दार बंद करण्याचा. पाय जोड्यात बंद होतो, दार अडसराने बंद होते, दोन्हीला क्रियापद एकच. किप्पूरच्या दिवशी सूर्य मावळतीला आला की आपण जी शेवटची तेफिला करतो तिचे नाव 'नईला', म्हणजे दार बंद होण्याच्या वेळची प्रार्थना. आणि त्याच दिवशी मिश्नाने जी पाच सुखे वर्ज्य केली आहेत, त्यांत खाणेपिणे, स्नान, तेल लावणे, दांपत्यसंबंध ह्यांबरोबर 'नईलथ हसांदाल' आहे, म्हणजे वहाणा घालणे. एकाच दिवसाच्या दोन्ही गोष्टी एकाच धातूतून आल्या आहेत.

आता आपल्या वाडवडिलांकडे वळू. कोकणातल्या आपल्या पूर्वजांजवळ मिश्नाची पोथी नव्हती, गमारा नव्हता. किप्पूर हे नावही पिढ्यान्‌पिढ्या त्यांच्या कानी नव्हते. मग त्यांनी ह्या दिवसाला नाव काय दिले? दारफाळणीचा सण. दार लावून घ्यायचे, पांढरे कपडे घालायचे, उपास धरायचा आणि बाहेर पाऊल टाकायचे नाही. दुसऱ्या दिवशी शिळा सण, तेव्हा दार उघडायचे, दानधर्म करायचा, आप्तांना भेटायचे. पोथी हरवली, पण बंद दार तेवढे हाताशी राहिले. आणि दार बंद करून घरात बसलेल्या कोकणी माणसाच्या पायांत वहाणा कशा असतील? वहाणा दाराबाहेर. म्हणजे 'नईलथ हसांदाल'चा नियम कुणी न सांगता आपोआप पाळला गेला. त्या भगिनींच्या आईने त्या दिवशी पायांत काही घातले नाही ते ह्यामुळे. तिला कुणी नियम शिकवला नव्हता, पण ती नियमातच होती.

जाता जाता एक गंमत. घोड्याच्या खुराला ठोकतात ती 'नाल' आपण मराठीत म्हणतो, तो शब्द अरबीतून आलेला आहे आणि अरबी 'नअल' व आपला 'नआल' ह्या सख्ख्या बहिणी आहेत. 'सपाता' हा शब्द पोर्तुगीजांचा. ते लोक चौल-रेवदंड्याला दोनशे वर्षांवर ठाण मांडून होते, आपल्या गावांच्या अगदी शेजारी. 'सँडल' हा ग्रीकांचा शब्द मिश्नात 'सांदाल' म्हणून आला आणि इंग्रजीवाटे मराठीतही आला. मुंबईहून निघालेल्या माणसाने लोद किंवा दिमोनाच्या बाजारात चप्पल मागताना 'सँडल' म्हटले की दुकानदाराला कळायचे. नव्याने आलेल्या माणसाला तेवढाही आधार पुष्कळ असे. 'वहाण' आणि 'पायतण' मात्र अस्सल आपली.

आता मूळ प्रश्न. चामडे नसलेला जोडा दारफाळणीला चालतो काय? गमाराच्या योमा ग्रंथात ह्याचे उत्तर मोठ्या मौजेने दिलेले आहे. तेथे रब्बी वाद घालत नाहीत, कोण काय घालून बाहेर पडला एवढेच सांगतात. रब यहुदा लव्हाळ्याच्या वहाणा घालून निघाले. अबाये खजुरीच्या पातीच्या. रावा गवताच्या विणलेल्या. आणि रब्बा बर रब हूना यांनी पायांना फडके गुंडाळले आणि चालू लागले. आम्हांला हे वाचताना कोकणातली माडाच्या झावळ्या विणणारी माणसे डोळ्यांसमोर येतात. बाबिलच्या नदीकाठी काय, अलिबागच्या खाडीकाठी काय, जे झाड दारात असेल त्यानेच माणसाने पाय झाकले आहेत. अमेरिकेतील ऑरेगन प्रांतात एका गुहेत १९३८ साली डझनावारी वहाणा सापडल्या, झुडपाच्या सालीच्या दोऱ्या वळून विणलेल्या. त्या नऊ-दहा हजार वर्षांपूर्वीच्या आहेत. चामडे कमावण्याची विद्या नसेल तेथेही अनवाणी राहणे माणसाला सोसले नाही.

म्हणून शुल्हान आरूखचा निर्णय असा, की किप्पूरला मनाई आहे ती चामड्याच्या जोड्याला. लव्हाळे, कापड, लाकडी बूच असले काही चालते आणि ते घालून रस्त्यानेही जाता येते. परंतु रम्बाम यांनी एक शब्द अधिक टाकला आहे. असली वहाण चालते ती का, तर जमिनीचा कठीणपणा तिच्यातून पायाला लागतो आणि माणसाला आपण अनवाणी आहोत असे वाटते. ह्या वाक्यापाशी आम्ही थोडे थांबलो. नातवाने आणलेल्या हिरव्या जोड्यातून जमिनीचा कठीणपणा काय लागणार! पाय लोण्यात ठेवल्यासारखे वाटतात. नियमाने ते चालतात, ह्यात शंका नाही. पण ज्याला जमेल त्याने पातळ तळाच्या कापडी सपाता घालाव्यात, रम्बाम म्हणतात तसे जमिनीला ओळख द्यावी, असे आमचे मत. हे मत आहे, निवाडा नव्हे.

चामड्याचाच राग का, असे तरुण मंडळी विचारतात. तोराने कारण दिलेले नाही. पण रब्बी मोशे इसरलेस यांनी नमूद केलेली एक जुनी चाल येथे आठवते. ह्या देशात कुणी नवे कपडे घातले की आपण 'तितहदेश' म्हणतो, नवे कपडे लाभोत, झिजोत आणि पुन्हा नवे येवोत. चामड्याच्या नव्या जोड्याला मात्र काही लोक असे म्हणत नाहीत. कारण नवा जोडा येण्यासाठी आणखी एक प्राणी मारावा लागेल आणि परमेश्वराची दया तर त्याच्या साऱ्या निर्मितीवर आहे. मग ज्या दिवशी आपण स्वतःसाठी दया मागायला उभे राहतो, त्या दिवशी दुसऱ्या जिवाचे कातडे पायाखाली घेऊन उभे राहणे शोभत नाही. आपल्या गावात चांभारवाड्यात बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कातडे कमावताना ज्यांनी पाहिले आहे, त्यांना हे निराळे समजावून सांगायला नको. एका जोडीमागे किती दिवसांची मेहनत आणि किती वास असतो, ते त्यांना ठाऊक आहे.

म्हणून कुणी असे समजू नये की आपल्या धर्माला वहाणांचा तिटकारा आहे. उलट. रब यहुदा हे रब यांच्या नावाने सांगतात, की माणसाने प्रसंगी घराचे वासे विकावेत पण पायांत जोडा घ्यावा. दुसऱ्या एका ठिकाणी म्हटले आहे, की घोड्यावर बसतो तो राजा, गाढवावर बसतो तो स्वतंत्र माणूस, पायांत जोडा आहे तो माणूस तरी आहे, आणि ज्याला ह्यांपैकी काहीच नाही त्याच्यापेक्षा पुरलेला बरा. बोलणे कठोर आहे, पण गरिबी पाहिलेल्यांचे आहे. रोज सकाळच्या बेराखांपैकी जी बेराखा परमेश्वराने आपली प्रत्येक गरज भागवली म्हणून त्याचे आभार मानते, ती गमाराच्या क्रमाप्रमाणे जोडा घालतानाची आहे. अन्नाच्या वेळची नव्हे, वस्त्राच्या वेळची नव्हे. जोडा चढला म्हणजे माणूस दाराबाहेर पडायला, कामाला लागायला मोकळा झाला. त्यातही क्रम आहे: उजवा जोडा आधी घालायचा पण बांधायचा नाही, मग डावा घालून तो आधी बांधायचा, कारण तेफिलिन डाव्या हाताला बांधतात, आणि शेवटी उजवा बांधायचा. आपल्या मुलांना हा क्रम शिकवून पाहा, त्यांना खेळ वाटतो आणि लक्षात राहतो.

गुलाम आणि स्वतंत्र यांच्यातला फरक पायांत दिसतो. मिस्रच्या फार जुन्या शिल्पात राजा शत्रूला मारतो आहे आणि मागे एक चाकर राजाच्या वहाणा हातात धरून उभा आहे. १९२२ साली तुतानखामुन राजाची कबर उघडली, त्यात अशा वहाणा मिळाल्या की ज्यांच्या तळव्यांवर बांधलेल्या शत्रूंची चित्रे काढलेली आहेत. राजा पाऊल टाकी तेव्हा ती माणसे पायदळी जात. अशा देशातून आपले पूर्वज निघाले. तेव्हा त्या रात्री परमेश्वराने मोशे रबेनूंच्या हातून काय आज्ञा दिली? कंबर कसून, हातात काठी घेऊन आणि पायांत जोडे घालून पेसाहचे जेवण करा. आपल्या घरात जेवताना पायांत वहाणा म्हणजे केवढा अमर्याद प्रकार! पण त्या रात्रीपुरती तीच मर्यादा होती. गुलाम अनवाणी जेवतो, निघणारा जोडा घालून जेवतो. पुढे चाळीस वर्षे रानात काढली आणि पायांतले जोडे झिजले नाहीत, हे मोशे रबेनूंनी अखेरच्या दिवसांत लोकांना मोजून दाखवले. मान्ना, पाणी, ढगाचा खांब ह्या मोठ्या गोष्टींबरोबर त्यांनी चपलेच्या तळव्याचीही आठवण ठेवली. जो माणूस रेवदंड्याहून अलिबागला पायी गेला आहे त्याला ती आठवण किती योग्य आहे ते कळेल.

आणि आमोस नबी. त्यांच्या तोंडून परमेश्वराने इस्राएलवर जो आरोप ठेवला, त्यात गरिबाला वहाणांच्या एका जोडासाठी विकल्याचा उल्लेख आहे. मोठ्या कर्जासाठी नव्हे, शेतीसाठी नव्हे. एवढ्याशा रकमेसाठी. २०२५ साली मिलानमधल्या एका बड्या घराण्याने कोल्हापुरीसारख्या चपला झोकात मिरवल्या आणि आधी कोल्हापूरचे नावही घेतले नाही, मग ओरड झाल्यावर घेतले, तेव्हा आम्हांला हा नबी आठवला. कोल्हापुरीला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. पण ती शिवणाऱ्या हातांना तेवढ्याने काय मिळते, ते ज्याचे त्याने विचारावे. विषय थोडा लांबला, माफ करावे.

आता वहाणा काढण्याकडे येतो. जळत्या झुडपापाशी मोशे रबेनूंना जोडे काढायला सांगितले, यरीहोजवळ यहोशवांनाही तेच सांगितले. बेथ हमिक्दाशमध्ये कोहेनीम अनवाणी सेवा करीत. तोरामध्ये त्यांच्या वस्त्रांची केवढी यादी आहे, अंगरखा, पट्टा, पगडी, पण जोडा नाही. गार फरशीवर उभे राहून आणि मांस खाऊन त्यांची पोटे बिघडत, म्हणून बेथ हमिक्दाशमध्ये पोटाच्या दुखण्यावर एक खास माणूस नेमलेला असे. त्याचे नाव बेन अहिया, मिश्नात नोंदलेले आहे. आम्हांला ही नोंद फार आवडते. पवित्र जागा, तरी तेथे पोटदुखीची सोय आहे.

दाविद राजा अवशालोमपासून पळाला तेव्हा जैतुनांच्या डोंगरावर अनवाणी रडत चढला. यहेज्केल नबीची पत्नी वारली तेव्हा मात्र त्याला सांगण्यात आले की पायांत जोडे घाल, शोक दाखवू नकोस. त्यावरूनच रब्बींनी ठरवले की इतर शोक करणाऱ्यांनी जोडा घालू नये. आपण बिरड्याच्या रोजाला, म्हणजे तिशा बेआवला, चामडे घालत नाही ते त्यामुळे. मृताच्या घरी सात दिवस तेच. एकच कृती, पण झुडपापाशी ती आदराची, डोंगरावर ती दुःखाची.

आता एक जुनी हकीकत सांगतो. हा देश आम्हांला नवा होता तेव्हाची. गाव नवे, प्रार्थनालय दुसऱ्या जमातीचे, आपले अजून उभे राहिले नव्हते. आपल्यापैकी एक कोकणातल्या मावशी शब्बाथला तेथे आल्या आणि सवयीप्रमाणे चपला पायरीवर काढून आत शिरल्या. तेथल्या कारभाऱ्याने त्यांना अडवले आणि सर्वांदेखत मोठ्याने सांगितले, की चपला घाला, ही मशीद नव्हे. मावशींना हिब्रू येत नव्हती, पण 'मशीद' हा शब्द त्यांना कळला. त्यांनी चपला घातल्या, बायकांच्या बाजूला शेवटच्या बाकावर बसल्या आणि पाय बाकाखाली ओढून घेतले. कारण त्यांच्या मते त्यांच्या पायांत त्या वेळी चपला असणे लाजेचे होते आणि त्या कारभाऱ्याच्या मते नसणे लाजेचे होते. पुढचे दोन-तीन शब्बाथ त्या आल्याच नाहीत.

त्या कारभाऱ्याला ठाऊक नव्हते की आपल्या लोकांनी प्रार्थनालयाला मशीद म्हणणे काही विशेष नव्हते. मुंबईत १७९६ साली सामुएल एजेकिएल दिवेकर यांनी शाअर हरहमीम बांधले, त्याला साऱ्या मुंबईने जुनी मशीद म्हटले. मशीद स्टेशनचे नाव त्यावरूनच पडले असे सांगतात. त्या शब्दाने आपल्याला कधी दुखावले नव्हते. त्या शब्दाने परके करण्याचा प्रकार आम्ही येथे पहिल्यांदा पाहिला.

पण बरोबर कोण होते? हे पाहण्यासाठीच पुस्तके काढली असे म्हटले तरी चालेल. गमारात प्रश्न असा येतो, की प्रार्थनालयातून जवळची वाट म्हणून जाता येत नाही, मग तेथे जोडे घालून शिरता का येते? रावा उत्तर देतात, की माणूस आपल्या घराविषयी जसा वागतो त्यावरून ठरवा. आपल्या घराचा कुणी रस्ता केला तर माणूस चिडतो, पण जोडे घालून आला तर चिडत नाही. म्हणून प्रार्थनालयातही तसेच. पाहा बरे. हा निर्णय बाबिलच्या घरांवरून दिलेला आहे. कोकणातल्या घराला हा प्रश्न विचारला असता तर? शेणाने सारवलेली जमीन, उंबऱ्यावर हळदकुंकू नसेल पण स्वच्छ पुसलेला उंबरा, आणि कुणी वहाणा घालून आत आला तर? रावांच्या मोजमापानेच पाहिले तर कोकणातल्या माणसाला प्रार्थनालयाबाहेर चपला काढणेच योग्य ठरते.

हे आम्ही मनाने जुळवलेले नाही. रम्बाम मिस्र देशात राहत, जेथे मोठ्या माणसापुढे कसे उभे राहावे याची रीत युरोपपेक्षा वेगळी होती. त्यांनी तेफिलाच्या नियमांत लिहिले की त्या जागचे लोक मोठ्यांपुढे पाय झाकूनच उभे राहत असतील तर अनवाणी तेफिला करू नये. म्हणजे जागच्या रीतीवर सोपवले. पुढे पंधराव्या शतकात अल्जियर्सचे रब्बी शलोमो बेन शिमोन दुरान यांना हाच प्रश्न आला. त्यांनी उत्तर दिले की ख्रिस्ती राज्यांत लोक राजापुढेही जोडे घालून जातात, म्हणून तेथे जोड्याने अवमान होत नाही. पण आपल्या ह्या देशांत होतो, म्हणून येथे काढावेत. सन्मान हा लोकांच्या मनात असतो, कातड्यात नसतो. हे वाचले तेव्हा त्या मावशी आमच्यासमोर उभ्या राहिल्या. त्या हयात असताना हे पान आमच्या हाती असते तर बरे झाले असते.

अर्थात ह्याच नियमाची दुसरी बाजूही आहे, ती लपवू नये. रीत जागेची असेल तर ह्या देशाची रीतही रीतच. आज आपली नातवंडे शुक्रवारी संध्याकाळी पलटणीतून येतात, पायांत ते जड तांबडे बूट, खांद्याला बंदूक, आणि तशीच सरळ आत येऊन आजीला मिठी मारतात. आजी आधी बुटांकडे पाहते. मग बोलणे होते, नातू म्हणतो, "सबता, मी दोन आठवड्यांनी आलोय आणि तू जमीन बघतेस!" दोघांचेही खरे. आमच्या ओळखीच्या एका घरात आजीने तोड काढली. दाराशी एक स्टूल ठेवले. नातू आला की स्टुलावर बसतो आणि ती त्याच्याशी बोलत बोलत त्याचे बूट सोडते. तो नको नको म्हणतो. पण पाय पुढे करतो.

कोहेनीम दुखानवर चढून आशीर्वाद देतात, ते आपण ह्या देशात बहुतेक ठिकाणी रोज सकाळी पाहतो. बाकाखाली जोडे ठेवून, मोज्यांत पाय, टालिथ डोक्यावर. ही रीत रब्बी योहानान बेन जक्काई यांनी बेथ हमिक्दाश पडल्यानंतर घालून दिली, त्यांच्या नऊ ठरावांपैकी हा एक. कारण? आम्हांला वाटे झुडपाची आठवण म्हणून. गमारात दिलेले कारण अगदी वेगळे आहे. समजा दुखानवर चढताना एका कोहेनच्या वहाणेचा अंगठा तुटला. तो बांधायला तो खाली बसला आणि बाकीचे आशीर्वाद देऊ लागले. लोक काय म्हणतील? म्हणतील, तो बसला, म्हणजे तो आशीर्वादाला पात्र नाही, घटस्फोट झालेल्या बाईचा किंवा हलित्सा झालेल्या बाईचा मुलगा असला पाहिजे. एका तुटलेल्या पट्ट्यावरून एका माणसाच्या आईवर बोट दाखवले जाईल. म्हणून रब्बींनी काय केले? लोकांनी असे बोलू नये, एवढे सांगून ते थांबले नाहीत. त्या कोहेनने पट्टे मजबूत घालावेत, असेही म्हटले नाही. सगळ्याच कोहेनीमना वहाणा काढायला लावल्या. एकावर शंका येऊ नये म्हणून सर्वांनी अनवाणी व्हायचे.

हलित्सा म्हणजे काय, ते नव्या पिढीला सांगितले पाहिजे. भाऊ निपुत्रिक वारला आणि दिराला वहिनीशी लग्न करायचे नसेल, तर ती वडीलधाऱ्यांसमोर त्याच्या पायातला जोडा सोडवते आणि मोकळी होते. रूथच्या गोष्टीत बेथलेहेमच्या वेशीवर जोडा काढून व्यवहार पक्का होतो, ती रीत ह्याच्या जवळची. आजही रब्बींच्या न्यायासनापाशी ह्यासाठी सगळा चामड्याचा एक खास जोडा ठेवलेला असतो.

आणि ह्याच जोड्यावरून आपल्यावर शंका घेतली गेली होती. १९६२ साली आपल्या लग्नांबाबत चौकशीचा हुकूम निघाला. कोकणातल्या आपल्या पूर्वजांना गेटचे आणि हलित्साचे नियम ठाऊक होते काय, असा सवाल होता. आपल्या मुलामुलींची लग्ने अडली. १९६४च्या उन्हाळ्यात आपली माणसे, बायकामुलांसह, जेरुसलेममध्ये ठिय्या देऊन बसली, आणि ऑगस्टच्या अखेरीस त्या हुकुमातून आपल्या जमातीचे नाव काढले गेले. त्या दिवसांत जे बसले होते त्यांतले काही आजही आपल्यात आहेत. त्यांनी रब्बी योहानान बेन जक्काईंचे हे पान तेव्हा वाचले नव्हते, आम्हीही नव्हते. जुनी खपली काढण्यासाठी हे लिहीत नाही. पण दुखानवर मोज्यांनी उभे असलेले कोहेनीम दिसले की आम्हांला आता झुडूप आठवत नाही, तो खाली बसलेला माणूस आठवतो.

आणखी एक. शब्बाथला खिळे मारलेली वहाण घालून बाहेर जाऊ नये, असे मिश्नात आहे. कारण वाचून अंगावर काटा येतो. छळाच्या काळात काही यहुदी एका गुहेत लपले होते. कुणाच्या तरी वहाणेचा माग उलटा उमटला, आत शिरलेला माणूस बाहेर गेला असे वाटले, आणि शत्रूने आपल्याला पाहिले ह्या भीतीने ते एकमेकांवर कोसळले. शत्रूंनी मारले असते त्याहून अधिक माणसे त्यांनी आपणच तुडवून मारली. खिळे आपल्याच तळव्यांना होते. आपल्या प्रार्थनालयांत गेल्या काही वर्षांत कुणाला मान द्यायचा, कोण कुणाच्या गावचा, ह्यावरून जे चालते, ते पाहून ही गोष्ट सांगावीशी वाटली. नावे घेत नाही, ज्याचे त्याला कळते.

राहता राहिला त्या भगिनींचा प्रश्न. त्यांना आम्ही काय सांगितले ते येथे छापतो, कारण असे विचारणारे पुष्कळ आहेत. हिरवे जोडे चालतात. कापडी सपाता अधिक चांगल्या. अनवाणी येणाऱ्याला कुणी हसू नये. पण त्यांनी जाता जाता सांगितले की डॉक्टरांनी त्यांना साखरेच्या आजारामुळे अनवाणी चालायला सक्त मनाई केली आहे, तळव्याला जखम झाली तर कळत नाही, आणि त्यांना लागतो तो जाड तळाचा खास बनवलेला जोडा चामड्याचा आहे. तो त्या दारफाळणीला घरीच ठेवणार होत्या. आम्ही म्हटले, बाई, असे करू नका. बाळंतिणीला थंडी बाधू नये म्हणून मिश्नाच्या काळापासून वहाण घालायची मुभा आहे. विंचवाचे भय असेल तर श्मुएल यांनी मुभा दिली आहे. आजाऱ्याला आणि ज्याच्या पायाला जखम आहे त्याला शुल्हान आरूखने मोकळीक दिली आहे. आपल्या जमातीत साखरेचा आजार किती आहे ते सांगायला नको. ज्यांना ज्यांना डॉक्टरांनी जोडा सांगितला आहे त्यांनी तो दारफाळणीला घालून यावे, चामड्याचा असला तरी. दाराशी कुणी अडवले, काही बोलले, तर त्याला आमच्याकडे पाठवावे. आम्ही दुसऱ्या रांगेत डावीकडे बसतो.